काचेवरचं चैत्रांगण : प्रकल्प नोंदी, इंदूर

11 फेब्रुवारी 2024, रविवार

आजपासून ही वही. रामबागेतल्या घरी मोठी आत्या दरवर्षी चैत्र शुद्ध तृतीयेला दारात रांगोळीचं चैत्रांगण काढायची. गेल्या वर्षी गुडघ्यांनी तिला खाली बसू दिलं नाही, हातही थरथरायला लागलाय. अंगण गेरूने सारवलं होतं, पण कोरंच राहिलं. यंदा तृतीया 11 एप्रिलला आहे. दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात तिच्या चैत्रांगणातली सगळी चिन्हं टॅबलेटवर काढायची आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना ए-3 आकाराचं छापील पान द्यायचं. ज्यांना शिकायचंय त्या ते बघून आपापल्या दारात काढतील.

चैत्रांगणात किती चिन्हं, याचं उत्तर घरोघर वेगळं. आत्या 51 मोजते. मधे देऊळ, देवळात झोपाळ्यावर गौर. भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मं, कासव, नाग, गरुड, अंबारीचा हत्ती, तुळशीवृंदावन, कलश, पाळणा, फणी, करंडा, आरसा, आंब्याचा टाळा. यादी तिने सांगितली, मी लिहून घेतली. तीन नावं तिला आठवेनात, ती जागा सोडली आहे.

माझी बाजू: बारा वर्षं डीटीपीचं काम केलं, लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत, पण सगळं माउसने. पेन नवीन आहे. टॅबलेट 11 इंची, पेन बिनबॅटरीचं. पडद्यामागे तारांची बारीक जाळी असते, तिच्यातून चुंबकीय क्षेत्र निघतं, पेनातली चिमुकली कॉइल त्याला उत्तर देते आणि टोक कुठे आहे, किती दाबलंय, हे टॅबलेटला कळतं. जपानच्या वाकॉम कंपनीने हे तंत्र रूढ केलं. माझ्या पेनाला दाबाच्या 4096 पायऱ्या आहेत. बाजारात रबरी गोळ्याचं स्वस्त पेन मिळतं ते वेगळं. काचेला ते नुसतं बोट वाटतं, दाबाबिबाचं त्याला काही कळत नाही. चित्र काढायचं असेल तर ते घेऊ नये, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

सॉफ्टवेअर क्रिटा. फुकट आहे आणि ब्रश हवा तसा घडवता येतो. नाव स्वीडिश भाषेतलं आहे, अर्थ खडू. रांगोळीच्या कामाला खडूच्या नावाचं साधन मिळालं, याचं मला बरं वाटलं.

14 फेब्रुवारी, वसंत पंचमी

पहिली बैठक. आत्याला खुर्चीत बसवलं, मांडीवर उशी, उशीवर टॅबलेट. पेन हातात दिलं. तिने ते चिमटीत धरलं, काचेपासून बोटभर वर, आणि सावकाश गोल फिरवलं. पडद्यावर काही नाही. पुन्हा फिरवलं.

“पडून नाही राहिलं गं काही.”

“आत्या, टेकव ना.”

“टेकवायचं? रांगोळी कुणी टेकवून काढतं का?”

मी गप्पच झाले. इतकी वर्षं तिला रांगोळी काढताना पाहिलं, पण बोट जमिनीला लागत नाही, हे कधी डोक्यात शिरलंच नव्हतं. रांगोळी सुटते, पडते. हात वर, रेघ खाली. पेन साधारण सेंटीमीटरभर वर असताना टॅबलेटला त्याचा पत्ता लागतो, खाली एक ठिपका त्याच्याबरोबर सरकतो. पण रेघ उमटायला टेकावंच लागतं. ठिपका सरकताना दिसला म्हणून आत्या आशेने फिरवत राहिली होती.

शेवटी टेकवलं. इतकं हलकं, की रेघ जेमतेम केसाएवढी. मी सेटिंगमध्ये दाबाचा आलेख सुरुवातीलाच उंच केला, म्हणजे नुसत्या स्पर्शालाही रेघ यावी. आली. पण ती पाहून आत्या म्हणाली, “ही पेन्सिलची आहे.” बरोबर होतं तिचं.

18 फेब्रुवारी, रविवार

मागच्या बैठकीवरून एक ठरवलं: आधी तिचा हात बघायचा, मग ब्रश करायचा. जुना पाट गेरूने सारवून टेबलावर ठेवला, वाटीत पांढरी रांगोळी, आणि वरून फोनवर चित्रण. आत्याने खुर्चीत बसून शंख काढला, चक्र काढलं, दोन गोपद्मं काढली. मध्ये दोनदा थांबून खांदा चोळला.

रात्री चित्रण हळू करून पाच-सहा वेळा पाहिलं. रेघ सुरू होते तिथे बारीकसा थेंब असतो, कारण चिमूट सुटते पण हात अजून निघालेला नसतो. सरळ जाताना हात झपकन जातो, रेघ बारीक. वळणावर हात मंदावतो, रेघ भरते. शेवटाला चिमूट आवळली जाते, तिथे रेघ पुसट होत विरते. म्हणजे जाड-बारीकपणा सगळा वेगातून आणि चिमटीतून. दाब कुठेच नाही, असूही शकत नाही. आणि मी चार दिवस दाबाचा आलेख वरखाली करत बसले होते.

पेनाची जाहिरात दाबाच्या पायऱ्यांची होते, शिकवणारेही आधी दाबच शिकवतात, कारण हे सगळं बोरू, टाक, ब्रश यांच्या वळणावर घडलंय. टेकवून काढायच्या हत्यारांच्या. रांगोळी त्या कुळातली नाही.

क्रिटात ब्रशच्या प्रत्येक गुणाला कोणता संवेदक चालवील ते निवडता येतं: दाब, वेग, कल, दिशा, अंतर. जाडीवरून दाबाची खूण काढली, वेगाची लावली आणि आलेख उलटा केला. हात जोरात गेला की बारीक, मंद झाला की जाड. टोकाला रेघ विरण्यासाठी फक्त गडदपणावर थोडा दाब ठेवला, कारण पेन उचलताना दाब आपोआप उतरतो. चिमूट आवळण्याच्या सगळ्यात जवळचं तेवढंच सापडलं.

25 फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर रोज संध्याकाळी ब्रशच. रेघेची चाल जमली, अंग जमेना. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याची भुकटी. तिची कड कापल्यासारखी नसते, दोन्ही बाजूंना कण उडालेले असतात. ब्रशच्या ठशाला कणांचा पोत दिला आणि ठसे थोडे विखुरले. जास्त विखुरले की धुरळा दिसतो, कमी झाले की पुन्हा खडूची रेघ. मधली जागा फार चिंचोळी आहे. शंखाच्या एका वळणावर मी आज दीड तास होते.

चित्र चौपट मोठं करून पाहिलं तर रेघ अशी राहतच नाही, नुसते ठिपके. बेंद्रे आठवले. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे, 1910 साली इथेच इंदुरात जन्मलेले, इथल्याच कलाशाळेत शिकलेले, पुढे बडोद्यात शिकवलं. नंतरच्या काळात त्यांनी ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली चित्रं आहेत. जवळून बिंदू, लांबून माणसं. ती मला नेहमी परकी, परदेशी धाटणीची वाटायची. आता वाटतं, ज्या गावात दारोदार सकाळी भुकटीची चित्रं पडायची, तिथल्या मुलाच्या डोळ्याला ठिपका परका कशाला असेल? हा माझा तर्क आहे, पुरावा काही नाही. पण चौपट केलेला शंख बघताना तो आला आणि मी तो लिहून ठेवते आहे.

3 मार्च, रविवार

आत्याला नवा ब्रश दिला. पहिल्याच रेघेला म्हणाली, “हां. हे पडतंय.” पन्हं न मागता दिलं मला. कैऱ्या अजून आंबटढाण आहेत.

पण थरथर. मंद गेलं की रेघ भरायला हवी, आणि मंद गेलं की हात जास्त थरथरतो. गदेचा दांडा करवतीसारखा झाला. मी मनाशी ठरवून आले होते की ही थरथर ठेवायची. 79 वर्षांच्या हाताची खूण आहे, ती पुसणारी मी कोण? तसं तिला सांगितलंही.

आत्या चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. “थरथर माझी नाही. वयाची आहे. माझी रेघ सरळ होती, तू पाहिली आहेस. तीच काढ.”

यावर बोलायला काही उरलं नाही. मी मात्र सबंध संध्याकाळ अस्वस्थ होते. तिच्या हाताबद्दल ठरवण्याचा अधिकार तिचा, आणि मी तो न विचारताच घेतला होता.

आता तांत्रिक अडचण. क्रिटात रेघ स्थिर करायची सोय आहे. पेनाची मागची काही ठिकाणं घेऊन त्यांची सरासरी काढायची आणि रेघ त्यावरून न्यायची. थरथर विरते. पण भरपूर लावलं तर रेघ पेनामागून रेंगाळत येते, कोपरे गोल होतात, सुरुवातीचा थेंब जातो आणि वेगाचे चढउतारही सपाट होतात. थरथरीबरोबर आत्याही जाते. अगदी कमी लावलं तर करवत तशीच.

9 मार्च, शनिवार

काल महाशिवरात्र, काम नाही. आज उपाय सापडला, आणि तो सॉफ्टवेअरमधला नाहीच.

छपाईसाठी अक्षरं काढणारे जुने कलाकार अक्षर मोठं काढून छायाचित्राने लहान करत. तेच करायचं. कासव पानावर चार सेंटीमीटरचं हवं असेल तर पडद्यावर सोळा सेंटीमीटरचं काढायचं. मिलिमीटरभर थरथर छापताना पाव मिलिमीटर होते, आणि ती रांगोळीच्या खरबरीत कडेत मिसळून जाते. शिवाय मोठं काढताना हात मनगटातून न हलता कोपरातून हलतो, खांद्यातून हलतो, आणि आत्याची थरथर बोटांत आहे, खांद्यात नाही. दारात बसून ती हातभर रेघा खांद्यातूनच ओढायची. छोट्या पडद्याने तिला बोटांवर आणून ठेवलं होतं.

मग कण लहान होण्याचा प्रश्न आला. चित्र पावपट केलं की भुकटीही पावपट होते आणि रेघ पुन्हा गुळगुळीत दिसते. म्हणून ब्रशचा ठसा आणि पोत दोन्ही चौपट केले. पडद्यावर ते वाळूच्या खड्यांसारखं भरड दिसतं. आत्या म्हणाली, “रवा आहे हा.” छापून दाखवलं तेव्हा मान हलवली. स्थिरीकरण अगदी थोडं ठेवलंय, तेवढं पुरतं.

दुसरी गोष्ट, काच. उन्हाळा लागला, तळहाताला घाम आला की हात काचेला चिकटतो आणि पेनाचं प्लास्टिकचं टोक मात्र घसरतं. म्हणजे थांबायचं ते सरकतं आणि सरकायचं ते थांबतं. जेल रोडवरून कागदासारखा खरखरीत पापुद्रा आणून पडद्यावर लावला. टोकाला पकड आली. त्याची किंमत दोन ठिकाणी द्यावी लागते: पडद्यावर बारीक चमचम दिसते आणि पेनाचं टोक लवकर झिजतं. मला चालेल. हाताला करंगळी आणि अनामिकेपुरता जुन्या सुती मोज्याचा तुकडा शिवून दिला.

17 मार्च, रविवार

34 चिन्हं झाली. आज एक मोठी चूक माझ्या हातून झाली, ती नीट लिहिते.

चित्र तपासायला आम्ही पान आरशातल्यासारखं उलटं करून बघतो. डोळ्याला सवय झालेल्या चुका त्याने उघड्या पडतात. सकाळी मी तसं करून पाहिलं आणि सरळ करायला विसरले. त्याच पानावर आत्याने स्वस्तिक काढलं, मग शंख. तिला पडद्यावर सगळं बरोबरच दिसत होतं. संध्याकाळी पान सरळ केलं तर स्वस्तिक उलटं, शंख उलटा. आत्या घरी जपाला बसली होती. तिला फोन करून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, “छापलं नाहीस ना?” नाही म्हटल्यावर म्हणाली, उद्या पुन्हा काढू.

दोन्ही चित्रं पुन्हा उलटी करून सरळ करता आली असती, एका टिचकीचं काम. मी तिला ते सुचवलंही. ती नको म्हणाली.     आता पान उलटं असताना जमिनीचा रंग हिरवा करून ठेवायची सवय लावून घेतली आहे.

देवळाच्या दोन बाजू मात्र सममितीच्या सोयीने एकदम काढल्या. तिथे तिची हरकत नाही.

24 मार्च, रविवार, होळी

हिशेब. ए-3 पान 300 डीपीआयला (इंचात 300 ठिपके) म्हणजे 3508 बाय 4961 पिक्सेल. एक पूर्ण भरलेला थर (लेयर, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक पानांपैकी एक) टॅबलेटच्या स्मृतीत सुमारे 70 एमबी घेतो. 51 चिन्हांचे 51 थर ठेवायचा माझा बेत टॅबलेटला झेपला नाही, दोनदा बंद पडला. आता प्रत्येक चिन्हाची वेगळी छोटी फाइल आणि शेवटी सगळी एका पानावर. आधीच असं करायला हवं होतं.

विसरलेल्या तीन चिन्हांपैकी दोन आठवली: ध्वज आणि पंखा. उन्हाळ्यात गौर माहेरी येते, तिला पंखा हवाच.

30 मार्च, शनिवार, रंगपंचमी

आज गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक. राजवाड्याकडचे रस्ते सकाळपासून बंद, आकाशात गुलाल. टॅबलेट कपाटात, कामही कपाटात. आत्याने गॅलरीतून तासभर बघितलं, मग झोपली. एक टिपण फक्त: पाण्याच्या तोफेतून उडालेला रंग भिंतीवर बसतो तेव्हा कडेला अगदी रांगोळीसारखे कण उडतात.

4 एप्रिल, गुरुवार

छपाईची चाचणी. गेरूच्या जमिनीवर पांढरी रेघ सुरेख आली. गेरू ओला असताना गडद आणि वाळला की फिकट दिसतो. मी ओल्याच्या जवळचा रंग धरला, कारण आत्या जरा ओलसर असतानाच रांगोळी घालते.

पण बायका पुढे त्याच्या झेरॉक्स काढणार, हे माझ्या लक्षात नव्हतं. शेजारच्या काकूंनी आठवण करून दिली. काढून पाहिली तर जमीन काळी डागाळ, रेघा त्यात बुडालेल्या, आणि दुकानदाराची शाई संपवणारं पान. म्हणून दुसरी आवृत्ती केली: पांढरा कागद, काळी रेघ, कण पूर्ण काढून टाकलेले, जाडी-बारीकपणा ठेवलेला. भुकटीचं अंग गेलं, चाल राहिली. शिकायला हीच जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. भुकटी तर प्रत्येकीच्या हातात असणारच आहे.

प्रत्येक चिन्हावर सुरुवात कुठून करायची तिथे एक छोटा ठिपका दिला. तो आत्याने स्वतः एकेक करून दाखवला. कासवाची सुरुवात पाठीपासून, नागाची शेपटीकडून, हत्तीची सोंडेपासून.

9 एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी उभारून झाल्यावर आत्याने गौर काढली. ती शेवटासाठी राखून ठेवली होती. झोपाळ्याच्या दोन दोऱ्या खांद्यातून ओढल्या, एका दमात. चेहरा काढताना पडदा बराच मोठा करून घेतला, डोळे दोन ठिपक्यांचे. एकदाही मागे घेतलं नाही. संपल्यावर पेन मला परत देताना म्हणाली, “पेन आता जड नाही लागत.”

संध्याकाळी सगळी फाइल जुळवली. 50 चिन्हं.

11 एप्रिल, गुरुवार, तृतीया

गौर बसली. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, कलिंगड. वीस पानं छापली होती, सतरा गेली. अंगण सकाळीच सारवलं होतं. भाचीने आणि शेजारच्या दोन मुलींनी पान समोर ठेवून रांगोळी घातली, आत्या ओट्यावर खुर्चीत. ती फक्त दोनदा बोलली: “हळू जा वळणावर,” आणि “वरून सोड, टेकवू नकोस.” मुलींपैकी एक टॅबलेटवर चित्रं काढणारी आहे; तिचं बोट सारखं जमिनीला लागत होतं आणि गेरू उकरला जात होता.

हळदीकुंकवाला आलेल्या एका आजींनी पान हातात घेऊन बराच वेळ शोधलं आणि विचारलं, “यात विंचू कुठे आहे?” आत्या एकदम सरळ बसली. तेच 51वं. मुलीने तुळशीवृंदावनाशेजारी जागा करून दिली, आजींनी तोंडी सांगितलं आणि विंचू अंगणात आला.

14 एप्रिल, रविवार

आत्याने विंचू टॅबलेटवर काढला. नांगीपासून सुरुवात. दोन्ही आवृत्त्या पुन्हा छापायला द्यायच्या, मंगळवारपर्यंत. कासवाचा मागचा डावा पाय तिला आवडलेला नाही, तो आधी बदलायचा. पेनाचं टोक झिजलंय, नवीन लावायचं.